स्कॅन काढला की कळतं का? आईच्या एमआरआय आणि पेट स्कॅनचा आमचा अनुभव

आमच्या नात्यात किंवा ओळखीत कुणाचं वागणं बदललं की हल्ली मला फोन येतो, ताई तुमच्या आईचा तो कुठला स्कॅन केला होता, त्यात कळतं का की हे डिप्रेशन आहे का मेंदूतच काही बिघडलंय. फोनवर सांगायला बसलं की अर्धा तास जातो आणि तरी महत्त्वाचं काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. मी डॉक्टर नाही, एका कंपनीत अकाउंट्स बघते, पण या सगळ्या काळात रिपोर्ट वाचून वाचून आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते सांगते. एका वाक्यात उत्तर देण्यासारखं हे प्रकरण नाहीये. स्कॅनमुळे आईचं निदान पक्कं झालं हे खरं, आणि तिच्याच मेंदूचा एमआरआय त्याआधी कित्येक महिने आमच्या कपाटात नॉर्मल म्हणून पडून होता हेही खरं.

आई कराडला हायस्कूलमध्ये गणित शिकवायची. तिचे विद्यार्थी आज कुठं कुठं आहेत, अजून रस्त्यात भेटले की बाई म्हणून पाया पडतात. पन्नाशी ओलांडली आणि ती हळूहळू बदलायला लागली, इतकं हळू की नक्की कधी ते आज पण आम्हा तिघांना (मी, पप्पा, धाकटी बहीण) एकमतानं सांगता येत नाही. शेजारच्या काकूंचे मिस्टर गेले तेव्हा दहाव्याला ती सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हणाली जेवण कधी आहे. दोघींची पंचवीस वर्षांची मैत्री, आणि हिच्या चेहऱ्यावर काहीच नाही. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, ती पुण्याला आली, खोलीत खुर्चीवर बसली आणि पहिलं वाक्य काय तर बिस्किटं आहेत का. कसं वाटतंय, दुखतंय का, काही नाही. मला साधा ताप आला तरी रात्रभर उशाशी बसणारी बाई होती ती. मग गोड खाणं वाढलं, साखरेच्या डब्यातून चमच्यानं साखर खायची, बेकरीत जाऊन क्रीमरोल उचलायची आणि पैसे न देता चालू लागायची, पप्पा मागून जाऊन पैसे देऊन यायचे. रोज चारला घरातून निघून स्टँडपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, पाऊस असो, पाहुणे असोत, चारला म्हणजे चारला. शाळेत वर्गातल्या सगळ्या पोरांना एकसारखे मार्क दिले तेव्हा पालकांच्या तक्रारी झाल्या आणि शाळेनं नोटीस काढली.

लोकांनी काय काय सांगितलं ते सगळं लिहीत बसत नाही. पाळी जायचं वय आहे, लेकीचं लग्न झालं म्हणून घर खायला उठतंय, मावशी म्हणाली कुणीतरी करणी केलीय एकदा बघून घ्या. पप्पा कुणालाच काही बोलायचे नाहीत.

आधी फॅमिली डॉक्टर, त्यांनी रक्त तपासलं, थायरॉईड ठीक, बी12 कमी निघालं म्हणून इंजेक्शनं झाली. ते बरोबरच होतं म्हणा, बी12 नं पण वागण्यावर परिणाम होतो आणि आपल्याकडं शाकाहारी लोकांत ते कमी असतंच. पण इंजेक्शनं संपली, बी12 वर आलं आणि आई होती तशीच. मग मानसोपचारतज्ज्ञ. तिथं डिप्रेशन म्हणून गोळी सुरू झाली. काही महिन्यांत ती जास्तच मोकळी बोलायला लागली, अनोळखी माणसाच्या अंगावरचा शर्ट ओढून कितीला घेतला विचारायची, दुकानातून सारख्याच साड्या आणायची, मग निदान बदलून बायपोलर झालं, म्हणजे मन कधी फार उधाणलेलं तर कधी फार खचलेलं असा आजार, आणि व्हॅल्प्रोएट आणि रिस्पेरिडोन या गोळ्या चालू झाल्या. याच सुमारास त्या डॉक्टरांनी म्हटलं एकदा मेंदूचा एमआरआय करून टाका, म्हणजे मनात शंका नको.

एमआरआयला घेऊन गेलो तो दिवस मला बारीकसारीक आठवतोय. मशीनमध्ये प्रचंड चुंबक असतो म्हणून अंगावर धातू काही नको, मंगळसूत्र काढलं, सोन्याच्या पाटल्या काढल्या, साडीची पिन, केसातले आकडे, पण जोडवी काही निघेनात, बोटं जाड झालेली, शेवटी तिथल्या मावशींनी साबण लावून काढली. डोक्याभोवती ती जाळीसारखी कॉइल लावतात, कानात कापूस, वरून हेडफोन, तरी टकटक, ढर्रर्र असा आवाज येतच राहतो. बाकीचे पेशंट घाबरतात, विचारतात किती वेळ, दुखेल का. आई काहीच नाही. कशासाठी करताय हे पण नाही विचारलं. आत गेली आणि पाचेक मिनिटांत उठून बसायला लागली, टेक्निशियन ओरडला हलू नका मॅडम, पुन्हा पुन्हा ती सिक्वेन्स घ्यावी लागली. मी आत तिचा पाय धरून उभी राहिले तेव्हा कुठं पूर्ण झालं.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. भाषा तीच नेहमीची, अक्यूट इन्फार्क्ट नाही, हेमरेज नाही, स्पेस ऑक्युपाइंग लीजन नाही, आणि शेवटच्या ओळीत माइल्ड एज रिलेटेड सेरेब्रल ॲट्रोफी. म्हणजे झटका नाही, रक्तस्राव नाही, गाठ नाही, वयानुसार मेंदू थोडा आक्रसलाय. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि त्याच दिवसापासून घरात एक वाक्य पक्कं झालं की मेंदूत काही नाही, म्हणजे मानसिकच आहे. हे वाक्य किती घातक आहे ते नंतर कळलं. ट्यूमर नसणं वेगळं आणि मेंदूला आजार नसणं वेगळं. गाठ बघणं पण गरजेचंच असतं हां, कपाळामागच्या भागात मेनिंजिओमा नावाची गाठ हळूहळू वाढली तर माणूस नुसता उदास आणि आळशी झाल्यासारखा दिसू शकतो, डोक्याला मार लागून कवटीच्या आत रक्त साठलं तरी तसंच, म्हणून ते वगळणं हे स्कॅनचं पहिलं काम. पण ते झालं म्हणजे स्कॅनचं काम संपलं असं होत नाही.

गोळ्यांनी आई आखडली. चालताना हात हलेनात, तोंडातून लाळ गळायला लागली, चेहरा दगडी. पप्पा फोनवर रडले तेव्हा मी तिला सरळ पुण्याला घेऊन आले आणि एका मैत्रिणीनं सुचवलेल्या दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो.

लोक म्हणतात मानसोपचारवाल्यांनी वेळ घालवला आणि न्यूरोवाल्यांनी ओळखलं, आमच्याकडं तसं नाही झालं. पहिल्यांदा शंका आली ती या मानसोपचाराच्या मॅडमनाच. त्यांनी आईशी बोलून झाल्यावर तिला बाहेर पप्पांपाशी बसवलं आणि माझ्याशी जवळजवळ तासभर बोलल्या. आई रडते का? नाही. माझ्यामुळं तुम्हाला त्रास होतो, मी ओझं झालेय असं म्हणते का? कधीच नाही. रात्री झोप? गाढ. मला काही आठवत नाही, जमत नाही अशी तक्रार करते का? नाही, तिच्या मते सगळं उत्तम चाललंय. मग म्हणाल्या, डिप्रेशनमध्ये साधारणपणे पेशंट स्वतः त्रासात असतो, स्वतःला दोष देत असतो, इथं त्रास तुम्हा सगळ्यांना होतोय आणि त्यांना त्याची जाणीवच नाहीये. दुसरं म्हणजे आयुष्यात पन्नाशीपर्यंत एकही एपिसोड नाही आणि पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मॅनिया, म्हणजे ते उधाण, असं असलं की मला आधी मेंदूकडं नीट बघावंसं वाटतं. कपाटातली फाईल मी नेली होतीच. त्यांनी रिपोर्टमधल्या एज रिलेटेड या शब्दांखाली पेनानं रेघ मारली आणि विचारलं, पंचावन्न वर्षांच्या बाईला वयामुळं कसली ॲट्रोफी?

त्यांनी रिस्पेरिडोन हळूहळू कमी करायला घेतलं आणि आम्हाला न्यूरोलॉजिस्टकडं पाठवलं, स्मृतिभ्रंशाचं काम बघणाऱ्या.

तिथल्या तपासण्या बघताना माझे डोळे उघडले. आधीच्या ठिकाणी आईची ती तीस मार्कांची स्मरणशक्तीची चाचणी झाली होती आणि तिला जवळपास पैकीच्या पैकी मार्क होते. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं तर ती ताडताड सांगायची, गणिताच्या बाई त्या. त्यावरून सगळे म्हणाले डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, शक्यच नाही. न्यूरोलॉजिस्ट सरांनी वेगळंच करून घेतलं. मूठ, मग हाताची कड, मग तळवा, टेबलावर ओळीनं आपटायचा, तिला दोनदा जमलं आणि मग नुसती मूठच आपटत राहिली. मी एकदा टकटक केलं की तुम्ही दोनदा करा, मी दोनदा केलं की तुम्ही करायचंच नाही, तर ती दरवेळी करायचीच, हात थांबतच नव्हता. एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा म्हटल्यावर चार-पाच सांगून गप्प. नाचता येईना अंगण वाकडं याचा अर्थ विचारला तर म्हणाली, अंगण सपाट करून घ्यावं. माझ्या पोटात गोळा आला, कारण ही म्हण तिनंच मला लहानपणी शंभरदा ऐकवली होती. सरांनी घड्याळाचं चित्र काढून घेतलं ते मात्र अगदी बरोबर, पत्ता लक्षात ठेवायला सांगितला तो पण बरोबर. मग जीभ बाहेर काढायला लावून नीट निरखली, दंड-मांड्यांचे स्नायू उघडे करून पाहिले, घरात कुणाला हातापायातली ताकद जाण्याचा आजार होता का, गिळताना ठसका लागायचा का विचारलं. नंतर सांगितलं की या आजाराबरोबर काही जणांत मोटर न्यूरॉन डिसीज पण येतो म्हणून ते बघावं लागतं.

त्यांना जी शंका होती तिचं नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, त्यातला वागणुकीचा प्रकार. कपाळामागचा फ्रंटल लोब आणि कानशिलामागचा टेम्पोरल लोब यांच्या पेशी आधी मरायला लागतात, आणि माणसाचा संयम, दुसऱ्याचं दुःख समजणं, काय बोलावं काय बोलू नये हे सगळं तिथं असतं, आठवण आणि हिशोब सुरुवातीला तसेच राहतात. ब्रूस विलिस या हॉलिवूडच्या नटाला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असल्याचं त्याच्या घरच्यांनी 2023 च्या फेब्रुवारीत जाहीर केलं तेव्हा नाव जगभर गेलं, पण आजार नवा नाही, प्रागच्या अरनॉल्ड पिक यांनी 1892 साली याचं पहिलं वर्णन केलं, म्हणून जुने डॉक्टर पिक्स डिसीज पण म्हणतात. बहुतेकांना पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे जेव्हा डिमेन्शिया कुणाच्या डोक्यातच येत नाही त्या वयात, आणि त्यामुळंच कितीतरी पेशंट आधी डिप्रेशन नाहीतर बायपोलरच्या गोळ्या खाऊन येतात. निदानाचे निकष 2011 साली ठरलेत. बंधन सुटणं, उदासीनता, सहानुभूती जाणं, त्याच त्याच गोष्टी करत राहणं, खाण्यात बदल, आणि चाचणीत ठराविक चित्र, या सहातल्या तीन गोष्टी असतील तर पॉसिबल म्हणायचं. रोजच्या कामात घसरण झालेली असेल आणि स्कॅनमध्ये त्या जागा आक्रसलेल्या किंवा मंदावलेल्या दिसल्या तर प्रॉबेबल. डेफिनिट म्हणायला एकतर जनुक सापडायला हवं नाहीतर मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली. म्हणजे या यादीत स्कॅनची जागा मधली आहे. आधी लक्षणं, मग स्कॅन.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. सरांनी मला विचारलं, एमआरआयची सीडी आहे का. फिल्म नको, सीडी. मी ती फाईलच्या कप्प्यातून काढून दिली. फिल्मवर काही मोजकेच फोटो छापलेले असतात, आणि आमच्या फिल्मवर तर सगळे आडवे काप होते, पण सीडीत सगळेच्या सगळे असतात. त्यांनी ती सीडी फक्त मेंदूचेच स्कॅन वाचणाऱ्या एका रेडिओलॉजिस्टकडं पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली, दोन-अडीच वर्षांपासून हळूहळू वाढलेला वागणुकीतला बदल, सहानुभूती गेलेली, गोडाची ओढ, स्मरणशक्ती शाबूत, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे का, फ्रंटल आणि टेम्पोरल लोबचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी ताडून पाहावा. पहिल्या वेळी सेंटरच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते मी नंतर मुद्दाम काढून पाहिलं, डोकेदुखी आणि वागण्यात बदल, बस. डोकेदुखी आईला कधी नव्हतीच, कुणी लिहिली देव जाणे. ज्यानं रिपोर्ट लिहिला त्याच्यापुढं त्या दिवशी कितीतरी स्कॅन असणार, त्यानं गाठ बघितली, झटका बघितला, नाही म्हटलं आणि पुढचा घेतला. कुणी प्रश्नच नीट विचारला नाही तर उत्तर तरी कुठून यायचं.

त्याच सीडीचा दुसरा रिपोर्ट आला. उजव्या टेम्पोरल लोबचं टोक डावीकडच्यापेक्षा स्पष्ट आक्रसलेलं, दोन्ही फ्रंटल लोबच्या वळ्या पातळ, मागचा भाग, म्हणजे पॅरायटल, वयाला साजेसा. सरांनी मला कॉम्प्युटरवर उभे काप दाखवले, कोरोनल म्हणतात त्यांना, कपाळाला समांतर. डाव्या-उजव्यात फरक मला सुद्धा दिसला, ज्या बाजूला मेंदू कमी तिथं काळं पाणी जास्त. नवीन फोटो एकही काढला नव्हता. मला तिथंच त्या खोलीत इतका राग आला होता की सर काय बोलतायत ते थोडा वेळ ऐकूच आलं नाही.

मग पेट स्कॅन कशाला, असं पप्पांनी विचारलंच. सरांचं म्हणणं होतं की एमआरआय मेंदूचा आकार दाखवतो, पेट त्याचं काम दाखवतो, आणि पेशी मरून जागा आक्रसायच्या आधी त्या मंद झालेल्या असतात. आईच्या एमआरआयमध्ये बदल होता पण मध्यम होता, वर्ष-दीड वर्ष मानसिक आजाराच्या गोळ्या चालू होत्या, पुढची सगळी दिशा ठरायची होती, तेव्हा एवढा एक पुरावा हवा. मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के पण शरीराची वीसेक टक्के ऊर्जा एकटा खातो, आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून. या स्कॅनमध्ये ग्लुकोजसारखाच एक पदार्थ, एफडीजी, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडून शिरेतून देतात. जो भाग काम करतोय तो तो पदार्थ ओढून घेतो, जो मंदावलाय तो कमी घेतो. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होत जातं, त्यामुळं ते आदल्या दिवशी आणून ठेवता येत नाही, सकाळी तयार होऊन येतं आणि दिलेल्या वेळेला पेशंट हजरच पाहिजे.

याला चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं, पाणी चालतं. दुसऱ्या कुणाला हे काहीच नाही, पण ज्या माणसाचा आजारच खाण्याचा ताबा सुटण्याचा आहे त्याला उपाशी कसं ठेवायचं? बहीण आणि मी रात्रीच घरातले डबे शेजारी ठेवून आलो. सकाळी वेटिंगमध्ये एका आजींनी पिशवीतून पेढ्याचा बॉक्स काढला, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, आणि आई झटक्यात उठली, मी तिचा हात घट्ट धरला, ती माझ्यावर ओरडली, सगळे बघायला लागले. मी त्या आजींना हात जोडले आणि त्यांनी बॉक्स ठेवून दिला. आत बोटातून शुगर तपासली, जास्त असेल तर स्कॅन नीट येत नाही, ती ठीक निघाली. हाताला सुई लावून ठेवली. मग शिशाच्या आवरणातली सिरिंज आली, इंजेक्शन दिलं आणि आईला एका मंद उजेडाच्या खोलीत झोपवलं. मोबाईल नाही, टीव्ही नाही, बोलणं नाही. त्या अर्ध्या तासात पेशंट जे काही करेल त्या कामाचा मेंदूचा भाग जास्त साखर ओढतो आणि चित्र बिघडतं, म्हणून शांत पडून राहायचं. नर्स सिस्टर फार चांगल्या होत्या, आई दोनदा उठली तेव्हा त्यांनी काही न बोलता नुसता खांद्यावर हात ठेवून परत झोपवलं. प्रत्यक्ष स्कॅन पंधरा-वीस मिनिटांत झाला, एमआरआयसारखा आवाजही नाही. त्यानंतर भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब ठेवा म्हणाले. बहिणीला तेव्हा दिवस गेले होते, त्यामुळं ती मुक्कामाला माझ्या सासरी गेली. खर्च आम्हाला 12,000 च्या आसपास आला.

चित्र रंगीत असतं, लाल-पिवळं म्हणजे काम जोरात, हिरवं-निळं म्हणजे मंद. आईचं मागचं सगळं लाल-पिवळं आणि पुढं कपाळाच्या बाजूला हिरवट-निळं, उजव्या कानशिलाच्या टोकाला जास्तच. सरांनी लगेच सांगितलं की या रंगांवर जाऊ नका, रंग सॉफ्टवेअर देतं, ते बदलता येतात, खरं बघायचं ते याच वयाच्या निरोगी लोकांच्या आकड्यांशी तुलना करून प्रत्येक भाग किती खाली आहे ते. अल्झायमर असता तर मागचा भाग, पॅरायटल आणि मधल्या भिंतीतला पोस्टीरियर सिंग्युलेट मंद दिसला असता. तो इथं ठीक होता. प्रॉबेबल बिहेविअरल व्हेरिअंट एफटीडी, म्हणजे बहुधा वागणुकीच्या प्रकारचा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, असं लेखी मिळालं.

मी त्यांना तेव्हा सरळ विचारलं, मग सगळ्यांचाच पहिल्या दिवशी पेट का करत नाही, एवढं कशाला फिरवायचं लोकांना. त्यांनी जे सांगितलं ते फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. डिप्रेशनमध्ये पण मेंदूच्या पुढच्या भागाचा साखरेचा वापर थोडा कमी दिसू शकतो आणि आजार बरा होत आला की तो सुधारतो. म्हणजे नुसता पेट बघून ठरवलं तर ज्याला गोळीनं बरं वाटलं असतं त्याच्या कपाळावर डिमेन्शियाचा शिक्का बसायचा, आणि हे उलट्या बाजूनं तितकंच भयंकर आहे. डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया या आजारांचं एका माणसाचा स्कॅन बघून निदान करता येईल असा स्कॅन आज नाही. लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये इव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली सीटी स्कॅनवर दाखवलं होतं की बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या असतात, पण तो गटाचा सरासरी फरक. एकेक माणूस घेतला तर आजारी आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. आणि स्कॅन साफ आला म्हणजे मानसिकच असंही नाही. तरुण मुलगी काही आठवड्यांत अचानक भास व्हायला लागून बहकली तर अँटी-एनएमडीए एन्सेफलायटिस असू शकतो, 2007 मध्ये डॉ. जोसेप डालमाउ यांच्या टीमनं ओळखलेला, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, त्यात एमआरआय पुष्कळदा नॉर्मल असतो आणि निदान पाठीतलं पाणी तपासून होतं, ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखाची, मदत होते. तो उपचारानं सुधारतो, म्हणून तिथं एमआरआय नॉर्मल आहे म्हणत बसणं महागात पडतं.

आमच्या आजाराला बरं करणारं औषध नाही. मग निदान होऊन फरक काय पडला असं विचारणारे पण भेटले. खूप पडला. रिस्पेरिडोन आणि व्हॅल्प्रोएट बंद झालं, आईचा आखडलेपणा गेला, लाळ थांबली, ती परत हात हलवत चालायला लागली. अल्झायमरची गोळी, डोनेपेझिल, कुणीतरी सुचवली होती, सरांनी स्पष्ट नाही म्हटलं, यात ती उपयोगाची नाही, उलट चिडचिड वाढू शकते. सर्ट्रालिन चालू केली, त्यानं खाण्याची आणि त्याच त्याच गोष्टींची घाई थोडी कमी झाली. तिचं एटीएम कार्ड पप्पांनी स्वतःकडं घेतलं, फोनमधलं यूपीआय काढलं, बेकरीवाल्याला पप्पांनी सगळं सांगून महिन्याचं खातं उघडलं. शाळेत चौकशी चालू होती, तिथं दोन्ही रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र दिलं आणि मेडिकल ग्राउंडवर निवृत्ती झाली. तीस वर्षं मान खाली घालून नोकरी केलेल्या बाईवर बेजबाबदारपणाचा ठपका राहिला असता, तो राहिला नाही, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. आणि पप्पा. ते इतके दिवस मनात धरून बसले होते की हिला माझ्याविषयी काही वाटेनासंच झालं. सरांनी त्यांना स्क्रीनवर तो उजवा टेम्पोरल लोब दाखवला आणि म्हणाले काका, हे वाटायचं काम इथं होतं. पप्पांनी दोनदा विचारलं, म्हणजे ती मुद्दाम नाही करत ना.

तुमच्याकडं असं काही चालू असेल तर डॉक्टरांकडं जाण्याआधी सगळ्यात आधी काय झालं, कधी झालं, पेशंटला स्वतःला त्याचं काही वाटतं का हे कागदावर लिहून न्या, आणि हे सांगायला पेशंट समोर नसताना वेळ मागून घ्या. वागणं दाखवणारा मोबाईलवरचा छोटा व्हिडिओ असेल तर तो पण, आमच्या चारच्या फेरीचा व्हिडिओ दोन्ही डॉक्टरांनी लक्ष देऊन बघितला. स्कॅनच्या फॉर्मवर नेमका प्रश्न लिहून द्या असं डॉक्टरांना नम्रपणे सांगा, सीडी मागून घ्या, आणि ती जपा, पुढं दुसरा स्कॅन झाला तर जुन्याशी ताडून बघणं हाच सगळ्यात चांगला पुरावा असतो. आईचा वर्षानं परत एमआरआय झाला आणि तेच भाग आणखी आक्रसलेत, त्यामुळं शंकेला आता जागा नाही. काही जणांत लक्षणं हुबेहूब अशीच असतात पण स्कॅन वर्षानुवर्षं साफच राहतो आणि आजार पुढं जात नाही, तिथं पुन्हा मानसिक बाजूनं विचार करतात, असं सर म्हणाले.

आता आमच्यापुढं जनुकांचा प्रश्न आहे. हा आजार काही घरांमध्ये एकाच जनुकातून पुढं जातो, एमएपीटी, जीआरएन आणि सी9ओआरएफ72 ही त्यातली मुख्य तीन. आजीचे भाऊ उतारवयात वेडे झाले म्हणून खोलीत ठेवले होते एवढंच मावशीला आठवतं, त्यांना काय होतं ते सांगायला आता कुणी नाही. मी सरांना म्हटलं माझाही एक एमआरआय काढून ठेवूया का, आत्ताच दिसेल काही असेल तर. त्यांनी नको सांगितलं. युरोप आणि कॅनडात जेनफी म्हणून अभ्यास चालू आहे, अशा घरांतल्या निरोगी माणसांना वर्षानुवर्षं स्कॅन करून बघतात, आणि जनुक असलेल्यांच्या मेंदूत लक्षणांच्या साधारण दहा वर्षं आधीपासून फरक दिसायला लागतो असं त्यात निघालंय, पण ते पुन्हा गटाचं गणित, माझ्या एकटीच्या स्कॅनवरून मला हो किंवा नाही सांगता येणार नाही आणि साफ आला तरी जनुक नाही असा अर्थ होत नाही. आधी आईची जनुकीय तपासणी, तिच्यात काही सापडलं तरच आमची, आणि त्याच्याही आधी समुपदेशन, कारण एकदा कळलं की न कळल्यासारखं करता येत नाही. बहिणीला हे नकोय, तिचं बाळ आत्ता सहा महिन्यांचं आहे आणि तिचं म्हणणं मला पटतं. मला मात्र जाणून घ्यायचंय. आईचं रक्त पुढच्या आठवड्यात देणार आहोत, आणि निकाल आला तर तो मी एकटीनं ऐकायचा, बहिणीला तिनं विचारल्याशिवाय सांगायचा नाही, असं आमचं दोघींचं ठरलंय.